ठमाबाईची तिखी

ठमाबाई सहा वर्षांची असताना तिला देवी आल्या. जीव वाचला, पण जाताना देवी तोंडभर खड्डे ठेवून गेल्या. पोलादपूरजवळच्या कापडे गावाच्या वरच्या अंगाला बारा उंबऱ्यांची एक वाडी आहे, ते तिचं माहेर. तिथल्या बायका मोठ्या दयाळू. पाणवठ्यावर, लावणीच्या खाचरात, दुसऱ्याच्या लग्नाच्या मांडवात, जिथे ठमी दिसेल तिथे तिची कीव करायचं त्यांनी कधी चुकवलं नाही. "कसं होणार गो हिचं," म्हणून त्या सुस्कारे सोडत आणि ठमीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सोडत. ठमीनं आरशाचा नाद सोडला तो कायमचा.

सोळाव्या वर्षी तिला स्थळ आलं, तुडीलचा एक बिजवर. माणूस बरा होता, पण आपण या मुलीला पत्करून उपकार करतो आहोत हे त्याच्या घरच्यांनी लपवलं नाही. लग्नाच्या दिवशी जेवणं उरकल्यावर ठमाबाईचा बाप कोंडाजी मांडवात उभा राहिला. फारसा बोलणारा माणूस नव्हता, म्हणून सगळे गप्प झाले.

"घरामागची तिखी माज्या ठमीची," तो म्हणाला. "जमीन तिच्या भावाची, हैबतीची, झाड तिचं. जित्ती हाय तोवर दर साली येऊन पानं काढंल. कोन आडवा आला तर त्याला माजी आन हाय."

आमच्या भागात यात कुणाला नवल वाटत नाही. जमीन एकाची आणि तिच्यावरचा आंबा दुसऱ्याचा, हे कोकणात चालत आलेलं आहे. नवल वाटलं ते तिखी दिल्याचं. तिखी म्हणजे दालचिनीच्या जातीचं रानातलं झाड. पान हातात चुरगळलं की लवंग आणि दालचिनी एकत्र कुटल्यासारखा वास येतो आणि तो तीनदा हात धुतले तरी जात नाही. बाळंतिणीच्या केसांना त्याची धुरी देतात, लुगड्यांच्या पेटीत पानं घालतात, खोबरेलात उकळून तेल करतात. पण आंबा नाही, फणस नाही, लेकीला द्यायचं म्हणून तिखी?

निघताना ठमी रडत होती, तेव्हा बापानं तिला बाजूला घेऊन सांगितलं, "पानांसाठी नाय गो दिलं. झाड हाय म्हंजे तुला यावंच लागंल. भाऊ बोलावो नायतर न बोलावो. तू पावनी म्हनून नाय येनार, मालकीन म्हनून येशील."

हे बोलणं ठमाबाईनं जपून ठेवलं. तिच्यापाशी जपायला दुसरं फारसं नव्हतंच. मूलबाळ झालं नाही, नवरा दहा वर्षांत गेला. सासरच्यांनी एक खोली दिली आणि बोलणं कमी केलं. पण माघातली पुनव झाली की पहिल्या मंगळवारी ठमाबाई पहाटे उठे, तुडीलहून महाडपर्यंत पायी जाई, तिथून एस.टी.नं पोलादपूर आणि पुढे पुन्हा पायी. ओहोळ ओलांडला की माहेरची शीव. शिवेवर भावाची बायको येसूबाई पाय धुवायला पाणी घेऊन उभी असे. पहिली डहाळी घरच्या देवाला वाहायची, मग पानं काढायची, तीही एक फांदी सोडून एक, आणि शेंड्याकडची कोवळी लालसर पानं अजिबात नाही. तीन दिवस पानं सावलीत सुकायची. ते तीन दिवस ठमाबाई माहेरी जेवायची, भांडायची, भाचीची वेणी घालायची. मग गाठोडं डोक्यावर घेऊन महाडच्या बाजारात दत्तोपंतांच्या दुकानी उतरायची.

दत्तोपंत पूजेचं सामान विकत आणि स्वतःच्या हातानं सुगंधी तेल करत. महाडच्या निम्म्या नवऱ्या त्या तेलाच्या वासात बोहल्यावर चढल्या असतील. ते म्हणत, "ठमाबाई, पानं मला खूप जण आणून देतात. पण तुमच्या झाडाचं पान डोळे मिटून ओळखतो मी."

ठमाबाईला हे ऐकायला फार आवडे. तिचं म्हणून कुणी काही ओळखत असेल तर ते एवढंच.

भाऊ हैबती तिच्याहून आठ वर्षांनी लहान. आई लवकर गेल्यामुळे तिनंच त्याला कडेवर वागवलेला. माणूस वाईट नव्हता, असं पुष्कळ लोक अजून म्हणतात. म्हणोत बापडे. त्याला फक्त कुणाच्या तोंडावर 'नाही' ऐकायची सवय नव्हती, आणि ती सवय त्याला ठमाबाईनंच लावली होती.

अठ्ठावन्न सालची गोष्ट. त्या वर्षी माघातला तो मंगळवार आला आणि ठमाबाई नेहमीसारखी ओहोळापाशी पोचली. पाहते तर येसूबाई नाही. पलीकडच्या काठावर हैबती एकटाच उभा, हातात कडुनिंबाची डहाळी. वाटेवरच्या दगडालाही एक डहाळी बांधलेली.

ठमाबाई काठावरच थांबली. "काय रे? कोनाला?"

हैबतीनं बोट ओठावर ठेवलं. "हळू बोल आक्का. तुळसाला. देवी आल्यात."

तुळसा ही त्याची एकुलती पोर, सात वर्षांची. गोरी, गालावर खळी पडणारी. ठमाबाईचा सगळा जीव त्या पोरीत.

"बाजूला हो," ती म्हणाली आणि पाण्यात पाय घातला. "मला येऊन गेल्यात, मला पुन्यांदा येत नायत. मी बसते तिच्यापाशी. पोरीला खाजवू देऊ नको, हैबती. हात बांधून ठेव तिचं. माजं कोनी बांधलं नव्हतं."

"आक्का, थांब!" हैबती पुढं झाला. हे त्यानं धरलेलं नव्हतं. मग म्हणाला, "भगतानं सांगितलंय. एकवीस दिस शिवेबाहेरचं मानूस आत यायचं नाय. आलं तर देवी कोपंल."

"मी शिवेबाहेरची?"

"भगत म्हनतो. मी काय करू?"

ठमाबाईनं पाय मागं घेतला. देवीपुढं तिचं काय चालणार? लहानपणी एकदा चाललं नव्हतं, ते तोंडावर लिहिलेलंच होतं. तेवढ्यात वाऱ्याबरोबर वास आला, तिखीचा. इतका दाट की घसा गरम व्हावा. वरच्या अंगाला बांबूच्या बेटामागून धूर निघत होता.

"धुरी देताय काय पोरीला?" तिनं विचारलं. "तिखीच्या पानांची?"

हैबतीनं एकदा मागं वळून धुराकडं बघितलं. "होय होय," तो म्हणाला. "धुरीच."

खोटं बोलणाऱ्याला पुढची पायरी अशी आपल्याच माणसानं घालून द्यावी, याहून त्याची सोय ती काय! ठमाबाईला उलट बरं वाटलं. आपलं झाड पोरीच्या उपयोगी पडतंय. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, गावदेवी काळकाईच्या देवळाच्या दिशेला हात जोडले आणि हळू बोलायचं असतं हे विसरून मोठ्यानं ओरडली, "आई, पोरीचं तोंड राख! माजी तिखी तुज्या नावानं सोडली. पान न् पान तुजं. पन तिचं तोंड माज्यासारखं करू नको!"

अलीकडच्या काठाला जरा वरती वाडीतला म्हातारा कुशाबा वालाच्या शेंगा काढत होता. त्यानं मान वर करून बघितलं. हैबती खाली मान घालून उभा होता. ठमाबाईला वाटलं, दुःखानं.

ती आली तशी मागं फिरली. रात्र पोलादपूरला देवळाच्या ओसरीवर काढली आणि तुडीलला परतली. देवी आलेल्या घरात फोडणी देत नाहीत, म्हणून तिनं दहा कोसांवरच्या आपल्या खोलीत फोडणी बंद केली. एकवीस दिवस एक वेळ अळणी भात. डोक्याला तेल नाही, पायात वहाण नाही. शेजारणी म्हणाल्या, "भावाच्या घरची देवी तुज्या चुलीला कशाला गो?"

बाराव्या दिवशी ती महाडला गेली, दत्तोपंतांना सांगायला, की यंदा पानं नाहीत आणि पुढंही नाहीत, झाड देवीला सोडलं. दत्तोपंत ऐकत होते, पण त्यांचा चेहरा चमत्कारिक झाला. त्यांनी फळीवरून एक लहान बाटली काढली.

"मुंबईचा एक माणूस तांब्याची भट्टी घेऊन खोऱ्यातून हिंडतोय," ते म्हणाले. "तिखीच्या पानांचा अर्क काढतो. अत्तरं आणि साबणवाल्यांना हवा असतो म्हणे. हा नमुना परवाच देऊन गेला. बघा तरी."

त्यांनी एक थेंब तिच्या मनगटावर ठेवला. ठमाबाईनं हात नाकाशी नेला आणि तशीच उभी राहिली. आपल्या घरातल्या माणसाची हाक गर्दीतही ओळखू येते, तसं झालं.

"कुठला हा?"

"कापड्याच्या बाजूचा म्हणाला."

"कापड्याला काय एकच झाड हाय का, पंत?" ती फाडकन म्हणाली. दत्तोपंतांनी बाटली मुकाट्यानं बंद केली.

परतीच्या वाटेवर तिनं मनगट मातीनं घासलं, सावित्री नदीच्या पाण्यात धुतलं. वास जाईना. पोर तिकडं देवींनी फणफणलेली आणि आपण भावावर संशय घेतो, याची तिला इतकी लाज वाटली की त्या दिवशीचा अळणी भातही तिनं सोडला.

बाविसाव्या दिवशी ती निघाली. बरोबर देवीला दाखवायला दहीभात आणि एक हिरवी चोळी. ओहोळापाशी पोचली तर दगडाची डहाळी वाळून गेली होती आणि पाण्यात एक मुलगी भांडी घासत बसली होती. तिनं मान वर केली. "आत्या!" म्हणून ती धावत आली आणि ओल्या हातांनीच बिलगली.

ठमाबाईनं गाठोडं खाली ठेवलं. दोन्ही हातांनी तिनं पोरीचं तोंड चाचपलं. कपाळ, नाक, गाल, हनुवटी. साफ. एक खड्डा नाही, एक डाग नाही. "आई, राखलंस गो!" म्हणून ती रडायलाच लागली. आनंदानं रडत होती बिचारी. पुष्कळ वेळ रडली. मग तिनं विचारलं, "कवा उतरल्या देवी?"

"कंच्या देवी?" तुळसा म्हणाली.

"तुला आल्या हुत्या त्या."

"मला नाय आल्या. मी आजोळी हुते. भट्टीवालं आलं तवा आयनं मला धाडलं."

ठमाबाईचे हात पोरीच्या गालांवर होते ते तिथंच राहिले. आत्ताच ज्या गुळगुळीत गालांनी तिला रडवलं, तेच गाल आता साक्ष देत होते.

ती घरात गेलीच नाही. सरळ मागच्या उतारावर गेली. बांबूच्या बेटाजवळ चुलाणाची राख होती आणि उकळून काळ्या पडलेल्या पानांचा कमरेएवढा ढीग. झाड उभं होतं, पण सगळ्या फांद्या बुंध्यापासून छाटलेल्या. एक फांदी सोडून एक, असं काही नाही. कोयत्याच्या घावांशेजारी नखाएवढे लाल कोंब मात्र फुटायला लागले होते. ठमाबाई झाडाला हात न लावता तिथंच खाली बसली.

हैबती आला.

"आक्का, तुला आदी इचारलं आसतं तर तू हो म्हनली आसतीस काय?"

"नाय."

"मंग? त्याची भट्टी आठच दिस हितं हुती. त्यातच तुजा मंगळवार आला. मी तरी काय करनार?"

"मला हाकलायला दुसरं कायतरी सांगायचंस," ठमाबाई म्हणाली. "वाघ आलाय म्हनायचंस. शिवेवर उभा राहून शिव्या द्यायच्यास. पोरीच्या तोंडाचं कशाला काढलंस रे? मी कशानं मागं फिरंन ते तुला बराबर ठाव."

हैबतीला हे लागलं. आणि लागलेला माणूस वाटेल ते बोलतो, तसं तो बोलून गेला. "आन् आता झाड तुजं कुठं हाय? तू सोताच सोडलंस. पान न् पान सोडलं म्हनलीस. कुशाबाकाकानं ऐकलंय. म्या पाच सालाचा करार केलाय त्याच्यासंगं."

घरामागच्या झाडाच्या करारापेक्षा 'तू सोताच सोडलंस' हे वाक्य वाडीला जास्त झोंबलं. संध्याकाळी कुशाबाच्या ओटीवर सगळी वाडी जमली. कुशाबानं आधी स्वतःचं सांगितलं, "ठमीचा आवाज ऐकला म्या. हैबतीचं बोलनं नाय ऐकलं. म्हनलं, घेतला आसंल बायनं कायतरी नवस." मग त्यानं तुळसाला पुढं बोलावलं, तिच्या तोंडाकडं बघितलं आणि हैबतीकडं वळला. "देवीचं खोटं नाव घेतलंस. मुकाट दोन पायल्या तांदूळ घाल देवळात. आन् ठमे, फसवून घेतलेला नवस काय नवस नाय. झाड तुज्या बापानं तुला दिलंय, ते तुजंच. जा, पानं फुटली की घेऊन जा."

बायांनी माना डोलावल्या. एकेकाळी कीव करणाऱ्याच होत्या त्या. न्याय झाला होता, ठमाबाईनं फक्त 'बरं' म्हणायचं राहिलं होतं. तुळसा तिच्या मांडीला रेलून बसली होती. ठमाबाईनं पुन्हा एकदा पोरीच्या गालावरून हात फिरवला.

"काका, हैबती खोटं बोलला," ती शेवटी म्हणाली. "पन म्या हैबतीशी नव्हते बोलले. म्या देवीशी बोलले. पोरीचं तोंड राख म्हनले. राखलंन ना तिनं? बघा की सगळ्यांनी. मंग मी कंच्या तोंडानं झाड मागं मागू?"

ओटीवरच्या बाया तुळसाच्या तोंडाकडं बघायला लागल्या.

"झाड देवीचं," ठमाबाई म्हणाली. "मी हात लावनार नाय. आन् तूबी नाय."

दुसऱ्या दिवशी झाडाला लाल फडकं बांधलं गेलं. पुढल्या माघात भट्टीवाला आला, पण देवीच्या झाडावर कोयता चालवायला त्याला मजूर मिळेना. हैबतीचा करार तिथंच जिरला. पण यात ठमाबाई जिंकली असं कुणी म्हणू नये. फडकं बांधलं त्या दिवशी तिनं दहीभात झाडाच्या बुडाशी ठेवला, हिरवी चोळी तुळसाच्या हातात दिली. येसूबाई दाराआडून "वन्सं, जेवून तरी जावा" म्हणाली, तिला हिनं ओ दिली नाही. बापानं दिलेलं यायचं कारण संपलं होतं, आणि दुसरं कारण हैबतीनं ठेवलं नव्हतं.

पुढं नऊ वर्षं ती त्या वाडीला गेली नाही. भाऊबिजेला हैबती निरोप धाडायचा. एकदा स्वतः तुडीलला येऊन दारात बसला, रडलासुद्धा. ठमाबाईनं त्याला पोटभर जेवू घातलं, वाढताना "आणखी घे रे" म्हणाली आणि माहेरी येते असं काही म्हणाली नाही. दत्तोपंतांना ती दुसऱ्यांच्या झाडांची पानं पोचवायची. डोळे मिटून ओळखायचं बोलणं त्यांनी पुन्हा काढलं नाही. समजूतदार माणूस. तिच्या चुलीवर मात्र दर वर्षी माघातल्या त्या मंगळवारी फोडणी पडत नसे. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

सदुसष्ट सालच्या वैशाखात तुळसाचं लग्न लागलं. पत्रिका तुडीलला आली होती. लग्न लागलं, पंगती उठल्या, ठमाबाई आली नाही, म्हणून हैबतीनं वाट बघणं सोडलं. दुपार कलल्यावर वरात निघाली, ओहोळापाशी आली. अलीकडच्या काठावर, जिथं नऊ वर्षांपूर्वी ती उभी होती त्याच जागी, ठमाबाई उभी होती. केस पांढरे, हातात खण आणि नारळ.

तुळसा शालू सावरत पाण्यातून धावली. म्हातारीनं खण-नारळ तिच्या ओटीत घातला आणि दोन्ही हातांनी तिचं तोंड चाचपलं. हळद लागलेलं, घामेजलेलं, गुळगुळीत तोंड. नवरीच्या केसांना दत्तोपंतांच्या तेलाचा वास होता.

हैबती वाडीकडच्या काठावर येऊन उभा राहिला. त्याचेही केस पिकले होते. सगळ्या वऱ्हाडासमोर त्यानं हात जोडले. "आक्का, झालं गेलं पोटात घाल. आता तरी घरला चल. एक घास खाऊन जा."

ठमाबाईनं त्याच्याकडं बघितलं. कडेवर वागवलेला होता तो. रागानं नाही, जशी एखादी आठवण करून द्यावी तशा आवाजात ती म्हणाली, "शिवेबाहेरचं मानूस चालत नाय ना रे तुज्या घरात?"

आणि वरात पुढं जायची होती, म्हणून तिनं वाट मोकळी करून दिली.